टिकलीखालचा दिवा

टेम्पोतला तो पिवळा दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा आम्ही वाशीच्या खाडीपुलाच्या चढावर होतो. माझे यजमान गाडी चालवत होते. घरी मी त्यांना नावानं हाक मारत नाही, इथेही 'हे' असंच लिहिते. मी पुढे त्यांच्या शेजारी होते. मागे करावे गावातल्या बायका आपापल्या पाट्या धरून बसल्या होत्या. पाट्यांत पुलापलीकडच्या धक्क्यावरून घेतलेली मासळी आणि तिच्यावर बर्फ.

चावी फिरवली की सगळे दिवे लागतात आणि इंजिन सुरू झालं की विझतात, एवढं मला बघून बघून माहीत होतं. हा मधेच लागला. इंजिनाचं एवढंसं चित्र, हळदीच्या रंगाचं. यांनी दिव्यावरच्या काचेवर बोटानं टिचकी मारली. विझलं नाही. मग गाडीचा जोरच गेला. पाय दाबून धरला तरी ती चढ घेईना. मागून हॉर्न वाजायला लागले. कडेकडेनं रांगत उतारावर आलो तेव्हा यांनी श्वास सोडला.

नेरूळला पहिली पाटी उतरवताना बायकांमधल्या सगळ्यांत मोठ्या मावशीनं उशिराचं कारण विचारलं. यांनी तिला दिवा दाखवला. ती वाकून आत बघत म्हणाली, "काय रं, तुजी गाडी दिवा लावून आमाला ओवाळते का काय?" सगळ्या हसल्या. हेही हसले. त्या दिवशी अजून हसता येत होतं.

आमचं घर त्या टेम्पोवर चालत होतं. हे पहाटे बायकांना धक्क्यावर नेत, मासळी भरत आणि मग नेरूळ, कामोठे अशा बाजारांत जिला तिला आपापल्या जागी सोडत. मी कामोठ्याला उतरायचे. तिथे मी मासे साफ करून देते. विकायला माझा आवाज निघत नाही. गिऱ्हाईक भाव करायला लागलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. साफ करायला बोलावं लागत नाही. खवले काढायचे, पोट फाडायचं, तुकडे करून पिशवीत घालायचे.

मी बोलायचे ती टेम्पोत, यांच्याशी, पुढच्या सीटवर. घरात दोन खोल्या, भिंतीला भिंत लागून शेजार, तिथे मला मोकळं वाटत नाही. टेम्पोच्या काचा वर केल्या की मला बोलता यायचं. लहानपणी शाळेत चौथीपर्यंत होते तेव्हा गुरुजींनी काय केलं, माझी आई कोळंबी कशी सुकवायची, रात्री काय स्वप्न पडलं, काहीही. हे हूं हूं करायचे, कधी हसायचे. पिवळा दिवा लागल्यापासून यांचं लक्ष त्या दिव्यावरच असायचं. मी बोलत असले की मधेच म्हणायचे, "थांब गो जरा, आवाज ऐकू दे इंजिनाचा." मग मी थांबायचे. हळूहळू बोलायचंच राहिलं.

हा टेम्पो होडी विकून आला होता. होडी माझ्या सासऱ्यांची. त्यांना सगळे आबा म्हणतात. खाडीत मासळी राहिली नाही, जाळं ओढलं की पिशव्या आणि बाटल्याच यायच्या, तेव्हा त्यांनी होडी विकली आणि मुलाला टेम्पो घेऊन दिला. जुनाच होता, पण आमच्यासाठी नवा. आबांनी तो गाडी म्हणून कधी मानलाच नाही. बॉनेटला ते नाळ म्हणायचे, होडीचं पुढचं टोक असतं ते. नारळी पौर्णिमेला खाडीला नारळ वाहून झाला की दुसरा टेम्पोसमोर फोडायचे.

आणि रोज त्याला अंघोळ घालायचे. दुपारी गाडी परत आली की हे ती मोठ्या रस्त्यापलीकडे जेट्टीजवळ लावून जेवायला घरी येत. आबा भरतीची वाट बघत बसलेले असायचे. भरती आली म्हणजे पाणी पायऱ्यांना लागतं, ओहोटीला तिथे नुसता चिखल. भरतीची वेळ रोज सरकते तशी त्यांची निघायची वेळही सरकायची. त्यांना घड्याळ लागायचं नाही. बसल्या जागेवरून उठायचे, पत्र्याची बालदी आणि तांब्या घ्यायचे आणि चालायला लागायचे. मी कधी भाकर द्यायला गेले तर दिसायचं. आधी मागचा हौदा धुवायचे, मासळीचा वास जाईपर्यंत. मग चाकं. मग बॉनेट उघडून आतल्या इंजिनावर दोन-चार तांबे सोडायचे. "दिसभर तापलंय, त्याला पन गार वाटू दे," म्हणायचे. होडी खाऱ्या पाण्यानंच धुवायची असते. पावसाचं गोड पाणी होडीत साचलं की लाकूड कुजतं, खारं पाणी लाकूड जपतं. हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. आबांनी आयुष्यभर तेच केलं होतं. गुडघे गेल्यावर घरात बाकी काही काम त्यांच्या वाट्याला उरलं नव्हतं. हे एवढं होतं.

दिवा लागल्यावर पहिल्यांदा गावाच्या नाक्यावरच्या मेकॅनिकला दाखवलं. त्यानं बॅटरीची वायर काढली, चहा पिऊन आला आणि परत लावली. दिवा गेला. हे खूश झाले. कामोठ्याला पोचेपर्यंत दिवा परत हजर.

मग कळंबोलीला गेलो, जिथे मोठे ट्रक उभे असतात. तिथल्या गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला. शाळेतल्या पाटीएवढं यंत्र, त्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे. तो म्हणाला सेन्सर गेलाय. सेन्सर बदलला, दिवा विझला, आणि तिसऱ्या दिवशी पुलावर लागला. परत नेलं तर स्कॅनर दुसरंच काही दाखवायला लागला. म्हणे डिझेलमध्ये कचरा असेल. टाकी उतरवून धुतली. मग दुसऱ्या गॅरेजात सांगितलं, इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारतात ते. ते काढून दुरुस्तीला पाठवले, गाडी तेवढे दिवस उभी. बायका दुसऱ्याच्या टेम्पोतून गेल्या. इंजेक्टर बसवले तर गाडी पहिल्यापेक्षा गोड चालली, पण दिवा तसाच.

प्रत्येकाचं बोलणं अगदी खात्रीचं असायचं. "टेन्शन नका घेऊ दादा, आता नाय येणार." मी बाजूला टायरवर बसून असायचे. त्यांच्या खात्रीची मला भीती वाटायला लागली. एखाद्यानं तरी म्हणावं की मला कळत नाही, असं वाटायचं. स्कॅनरवर दर वेळी निराळा आजार निघायचा आणि हे दर वेळी त्याच्यावर विश्वास ठेवायचे, कारण न ठेवून काय करणार.

कधी दिवा नुसताच जळायचा आणि गाडी धड चालायची. कधी जोर जायचा. तो कधी जाईल ते सांगता यायचं नाही. एकदा मोठ्या मावशीनं वैतागून आपल्या कपाळावरची टिकली काढली, खिडकीतून आत वाकली आणि दिव्यावर दाबून चिकटवली. "घे, आता सवाशीन झाली. आता नाय रुसायची." तिच्या कपाळावर टिकलीचा पांढुरका डाग राहिला होता. सगळ्या पुन्हा हसल्या. हे हसले नाहीत. पण टिकली काढलीही नाही. लाल टिकली होती. दिवा लागला की तिच्या कडेनं पिवळी रेघ दिसायची, ग्रहणात दिसते तशी. मी रस्ता सोडून त्या रेघेकडे बघत बसायचे.

त्यानंतर एका सकाळी पुलाच्या बरोबर मध्यावर गाडी बसली. दोन तास ऊन. बर्फ वितळून मासळीचं पाणी हौद्यातून टपटप गळत होतं. बाजाराची वेळ गेली. मऊ पडलेली मासळी बायकांनी खाडीत टाकली नाही, घरी नेली. कोणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी दोघी आल्या नाहीत. मग आणखी दोघी. शेवटी मोठी मावशी राहिली. एक दिवस ती घरी आली, यांच्याशी न बोलता माझ्यापाशी चुलीजवळ बसली आणि म्हणाली, "बाय, रागावू नको. माजं पोट हाय." मी तिला चहा दिला.

गाडीचं पासिंग जवळ आलं होतं. जुन्या गाडीला ते करून घ्यावंच लागतं, नाहीतर रस्त्यावर काढता येत नाही. दिवा जळत असताना पासिंग होणार नाही असं सगळे सांगत होते. यांना दुसरं काही येत नाही. खाडी गेली, शेती तर आमची कधीच नव्हती. टेम्पो गेला तर पुढे काय, हा विचार हे रात्रंदिवस करत असणार, पण माझ्याजवळ बोलत नव्हते. मीही विचारत नव्हते.

मग कोणीतरी कळंबोलीतल्याच एका वायरमनचं सांगितलं. तो इंजिनाला हात लावत नाही, फक्त वायरिंग बघतो. बोलायला मराठवाड्याकडचा वाटला. त्यानं स्कॅनर लावलाच नाही. म्हणाला, रोज वेगळा आजार दाखवत असेल तर आजारी इंजिन नाही, सांगणाराच खोटं सांगतोय. बॉनेट उघडून तो वायरींच्या जुडग्यावरची काळी टेप सोलत बसला. दुपारपर्यंत सोलत होता. वायरी जिथे एकमेकींत अडकवतात त्याला ते कपलर म्हणतात. त्यानं एक कपलर ओढून काढला आणि यांना जवळ बोलावलं. मीही उठून गेले.

आतल्या पितळी पिना हिरव्या झाल्या होत्या, देवळातल्या न घासलेल्या समईसारख्या. त्यांच्यावर पांढरी खरपुडी. दुसरा उघडला, तसाच. तिसऱ्यात पीन राहिलीच नव्हती, नुसता हिरवा चुरा.

"मासळीची गाडी ना?" तो म्हणाला. "मिठाचं पाणी आहे हे, वहिनी. बर्फाचं पाणी गळून गळून खाल्लंय सगळं."

यांनी नखानं ती पांढरी खरपुडी काढली आणि जिभेला लावली.

मी यांच्या तोंडाकडे बघत होते. मासळीचं पाणी मागे हौद्यात गळतं. इथे पुढे, बॉनेटखाली, इंजिनाच्या डोक्यावर ते कसं येणार? यांनी डोळे मिटले होते. ही चव यांनी जन्मापासून ओळखलेली. पोहताना तोंडात गेलेली, जाळं दातांत धरताना लागलेली. डोळे उघडले ते सरळ माझ्याकडेच बघितलं. आमच्या दोघांच्या डोळ्यांपुढे एकच माणूस होता, बालदी घेतलेला.

"हो," हे वायरमनला म्हणाले, "मासळीचंच पानी."

त्यानं जमेल तेवढ्या वायरी बदलल्या, कपलर घासले, ग्रीस भरलं. दिवा विझला. परतताना टिकलीच्या कडेनं रेघ नव्हती. मी इतके महिने ज्याची वाट बघितली ते झालं होतं, आणि आम्ही मयताहून परतल्यासारखे बसलो होतो. पाम बीच रस्त्यावर सिग्नलला थांबलो तेव्हा हे एवढंच म्हणाले, "आबांना नाय सांगाचं."

त्या दिवसापासून यांनी टेम्पो जेट्टीजवळ लावणं सोडलं. गावात आत, तळ्याच्या बाजूला लावायला लागले. आबांना सांगितलं की तिकडे आता पोलीस गाडी उभी करू देत नाहीत. आबा बरं म्हणाले. मला वाटलं सुटलो.

दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी आबा उठले, बालदी घेतली आणि गेले. बराच वेळ आले नाहीत. मी बघायला बाहेर पडले. ते तो मोठा रस्ता ओलांडून येत होते. गाड्या सुसाट जातात तिथे, माणसासाठी थांबत नाहीत. एका हातात भरलेली बालदी, दुसरा हात गाड्यांना थांबा म्हणून वर केलेला. पाणी हिंदकळून लेंगा भिजला होता. तळ्यापर्यंत येईतो बालदी अर्धी झाली. ती अर्धी त्यांनी बॉनेटवर ओतली आणि दुसरी आणायला परत निघाले.

मी यांना सांगितलं. यांनी डोकं धरलं. म्हणाले, "तू सांग. मला नाय जमाचं." माझ्यासारखीला. जिला मासळीचा भाव सांगता येत नाही तिला.

दुसऱ्या दिवशी मी तळ्याजवळ टेम्पोपाशी जाऊन उभी राहिले. आबा आले. मी बालदीच्या कडीला हात घातला. त्यांना वाटलं मी ओझं घेते आहे.

"आबा," मी म्हटलं, "गाडी लोखंडाची हाय. खारं पानी तिला खातं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी इतकं कधी बोलत नाही.

"कोन बोलला?"

"वायरमन बोलला."

"त्याला होडी म्हायती हाय?"

"होडी नाय, आबा. गाडी."

त्यांनी बालदी खाली ठेवली. बॉनेटवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मग विचारलं, "मंग त्यो दिवा माज्यानं लागला?"

मला 'नाही' असं म्हणता आलं असतं. मासळीचं पाणी, असं म्हणता आलं असतं, यांनी म्हटलं तसं. पण माझी जीभ पुन्हा टाळ्याला चिकटली होती, आणि माझं गप्प राहणं म्हणजे काय ते आबांना घरात सगळ्यांत चांगलं कळतं.

त्यांनी बालदी उचलली. पाणी तिथे रस्त्यावर ओतलं नाही. ते खाडीचं पाणी घेऊन परत मोठा रस्ता ओलांडून गेले. मी मागे मागे गेले. जेट्टीच्या पायरीवर त्यांनी बालदी हळू कलती केली आणि पाणी पाण्यात सोडलं.

एवढं करून दिवा थांबायला हवा होता. थोडे दिवस थांबला. मग एका सकाळी टिकलीच्या कडेनं ती रेघ परत दिसली. वायरमन म्हणाला, मीठ आत इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरपर्यंत गेलंय, आता एक जागा केली की दुसरी निघेल. पासिंगला नेली तर तिथल्या माणसानं दिव्याकडे बघितलंही नाही. तो खाली वाकला, हातातली सळई चासीला, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला टोचली, आणि सळई बिस्किटात जावी तशी आरपार गेली. तो यांना वाईट काही बोलला नाही. सळई काढून घेतली आणि पुढच्या गाडीकडे गेला.

भंगारवाला गाडी न्यायला आला तो भर दुपारी. गाडी त्यासाठी जेट्टीकडच्या रस्त्यावर आणून ठेवली होती, गावातल्या गल्लीत त्याची क्रेन शिरणार नव्हती. आम्ही दोघं उभे होतो. आबा घरी झोपले आहेत असं आम्हाला वाटत होतं. पण भरतीची वेळ होती. ते बालदी आणि तांब्या घेऊन आले.

हे पुढे झाले, "आबा, आता कशाला?"

"आता काय व्हतंय तिला," आबा म्हणाले. "होडी दिली तवा पन धुऊन दिली व्हती."

भंगारवाल्यानं घड्याळ बघितलं आणि क्रेनला टेकून उभा राहिला. आबांनी हौद्यापासून सुरुवात केली. चाकांपाशी त्यांना वाकता येईना, तेव्हा यांनी त्यांच्या हातून तांब्या घेतला. मग बाप पाणी आणत होता आणि मुलगा धूत होता. बॉनेट यांनी उघडलं. इंजिनावर आबांनी स्वतः पाणी सोडलं.

स्टिअरिंग मोकळं करायला भंगारवाल्यानं आत बसून चावी फिरवली. मी काचेतून बघितलं. सगळे दिवे लागले. तो पिवळा टिकलीखाली होता. टिकली सोडवून घ्यावी असं माझ्या मनात आलं, पण परक्या माणसाला दार उघडा म्हणायला मला जमलं नाही. गाडी गेली तेव्हा रस्त्यावर ओली रेघ पडत गेली, वळणापर्यंत.

आता हे दुसऱ्याच्या गाडीवर आहेत, गोडाऊनची खोकी वाहतात. त्या गाडीत बायकोला बसवायची परवानगी नाही. घरी आले की जेवतात आणि भिंतीकडे तोंड करून झोपतात. मी पहाटे मोठ्या मावशीबरोबर दुसऱ्या टेम्पोत मागे, पाट्यांमध्ये बसून जाते. तिथे सगळ्या बोलतात. मी ऐकते.

आबा दिवसभर घरात भिंतीला टेकून असतात. त्या दिवसानंतर त्यांनी बालदीला हात लावलेला नाही, ती मोरीत पालथी आहे. मात्र भरती आली की ते अजून उठतात. दारापर्यंत जातात, चौकटीला धरून उभे राहतात. मग मागे वळतात आणि पुन्हा त्याच जागी बसतात. ते उठले की मी चुलीकडे तोंड करते, म्हणजे त्यांना वाटू नये की कोणी बघितलं.